डूख, वैर आणि शत्रुत्व : 'घाशीराम कोतवाल' नाटकातील सत्ता आणि सार्वजनिक अस्मिता

प्रास्ताविक

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यातील भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या संस्थेने सादर केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. या घटनेला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात नाटकाविषयी विपुल लेखन झाले. त्याचे स्थूलमानाने दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह नाटकाच्या ऐतिहासिकतेची चिकित्सा करतो, तर दुसरा कीर्तन, तमाशा, दशावतार, खेळे इत्यादी लोकरंगपरंपरांच्या उपयोजनाचा विचार करतो. हे दोन्ही प्रवाह महत्त्वाचे आहेत. तथापि या नाटकातील जवळजवळ प्रत्येक कृतीमागे उभी असलेली प्रेरणा, म्हणजे वैर, ही स्वतंत्र अभ्यासाचा विषय क्वचितच झाली आहे. बहुतेक ठिकाणी तिचा उल्लेख 'घाशीरामचा सूड' एवढ्यावर थांबतो.

प्रस्तुत लेखात अशी मांडणी करावयाची आहे की, 'घाशीराम कोतवाल' हे सूडनाट्य म्हणून वाचल्यास त्याचा अर्धाच अर्थ हाती लागतो. एका व्यक्तीच्या मनातील राग सत्तेच्या हाती पडल्यावर त्याचे राज्यकारभाराच्या साधनात रूपांतर कसे होते आणि त्या साधनाच्या आधारे एक समूह स्वतःची ओळख कशी घडवतो, हा या नाटकाचा खरा विषय आहे. पुढे जाऊन असेही म्हणता येईल की, नाटकाभोवती उठलेल्या वादाने हीच प्रक्रिया प्रेक्षागृहाबाहेर पुन्हा घडवून दाखवली.

संकल्पनांची मांडणी

मराठीत विरोधभावनेच्या निरनिराळ्या छटा दर्शविणारे शब्द आहेत. साप डूख धरतो असे आपण म्हणतो. डूख ही एकट्याची असते. ती मनात धुमसते आणि संधीची वाट पाहते. वैर हे दोन पक्षांमधील नाते आहे. ते घराण्यांत चालते, भाऊबंदकीत मुरते आणि कधी कधी 'हाडवैर' होऊन पिढ्यान्पिढ्या टिकते. शत्रुत्व हा शब्द मात्र आपण राज्ये, सैन्ये आणि पक्ष यांच्या संदर्भात वापरतो. त्यात राग असलाच पाहिजे असे नाही. प्रस्तुत लेखात हे तीन शब्द याच क्रमाने, व्यक्ती, समूह आणि सत्ता या तीन पातळ्यांसाठी वापरले आहेत.

शत्रुत्व ही भावना नसून स्थान आहे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सहाव्या अधिकरणात राजमंडलाची कल्पना येते. आपल्या भूमीला लागून ज्याची भूमी आहे तो राजा प्रकृतीनेच अमित्र ठरतो आणि त्याच्या पलीकडचा मित्र ठरतो. येथे शेजाऱ्याने काही अपराध केलेला असण्याची गरज नाही. मात्र कौटिल्य याच ठिकाणी आणखी दोन प्रकार नोंदवतो. समान कुळातील प्रतिस्पर्धी तो 'सहज' शत्रू आणि जो स्वतः विरोध करतो किंवा दुसऱ्यांकडून विरोध घडवून आणतो तो 'कृत्रिम' शत्रू. म्हणजेच शत्रुत्व घडवता येते, याची जाणीव त्याला होती.

विसाव्या शतकात जर्मन विधिज्ञ कार्ल श्मिट याने 'द कन्सेप्ट ऑफ द पॉलिटिकल' या लेखनात (निबंध १९२७, ग्रंथ १९३२) मित्र आणि शत्रू यांतील भेद हाच राजकारणाचा निर्णायक निकष मानला. त्याने लॅटिनमधील 'इनिमिकस' म्हणजे खासगी वैरी आणि 'हॉस्टिस' म्हणजे सार्वजनिक शत्रू या दोन शब्दांतील फरकावर भर दिला. राजकारणातील शत्रूचा व्यक्तिशः द्वेष करण्याचे कारण नसते, असे त्याचे प्रतिपादन होते. श्मिट १९३३ मध्ये नाझी पक्षात सामील झाला, ही गोष्ट त्याचा सिद्धांत वाचताना दृष्टिआड करता येत नाही. त्याच्या मांडणीत शत्रू कोण हे ठरवण्याचा अधिकार राज्यसंस्थेकडे जातो. परंतु खासगी वैरी आणि सार्वजनिक शत्रू या दोहोंमध्ये तो जी रेषा आखतो, ती प्रत्यक्षात किती सहज ओलांडली जाते आणि ती ओलांडून देण्यात कोणाचा लाभ असतो, हे त्याच्या सिद्धांतापेक्षा तेंडुलकरांच्या नाटकात अधिक स्पष्टपणे दिसते.

घाशीरामची डूख

नाटकातील घाशीराम सावळदास हा कनोजहून पुण्यात आलेला ब्राह्मण आहे. ही बाब वरवर साधी वाटते, पण ती निर्णायक आहे. पोटासाठी तो गुलाबीच्या माडीवर पडेल ते काम करतो. नानाची मर्जी होऊन त्याला कंठा मिळतो, तो गुलाबी आपल्या माणसांकरवी हिसकावून घेते. पुढे पर्वतीच्या रमण्यात दक्षिणेच्या आशेने गेला असता त्याच्यावर चोरीचा आळ येतो. त्याला मारहाण होते, कोठडीत डांबले जाते आणि शेवटी शहराबाहेर हाकलले जाते. त्या क्षणी तो पुण्याचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो.

येथपर्यंतची घटनामालिका डूख या पातळीवरची आहे. अपमान खरा आहे, अन्याय खरा आहे आणि राग समजण्याजोगा आहे. प्रेक्षकाची सहानुभूती या टप्प्यावर घाशीरामकडे जाते, ती तेंडुलकरांनी जाणीवपूर्वक जाऊ दिलेली आहे. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या डुखेला अद्याप कोणतेही सामर्थ्य नाही. हाकललेला भुकेला परका मनुष्य शहराचे काहीही वाकडे करू शकत नाही. त्याला हवी असते ती सत्तेची जागा, आणि ती विकत घेण्यासाठी त्याच्यापाशी स्वतःच्या मुलीखेरीज दुसरे काही नसते. गौरीला नानाच्या वासनेपुढे ठेवून तो पुण्याची कोतवाली मिळवतो. डूख आणि अधिकारपद यांचा हा सौदा या नाटकाचा कणा आहे.

नानाचा हिशेब

कोतवाली देताना नाना फसला आहे असे घाशीरामला वाटते. प्रेक्षकालाही क्षणभर तसे वाटावे अशी रचना आहे. लगेच येणाऱ्या नानाच्या स्वगताने हा समज दूर होतो. परका कोतवाल नेमल्याने दरबारातील कारस्थानी मंडळी धास्तावतील, परका असल्याने त्याला गावात कोणी सामील होणार नाही, आणि आपण जे करू त्याचा बोल त्याच्या माथी जाईल, असा नानाचा हिशेब आहे. ज्या परकेपणामुळे घाशीराम हाकलला गेला, तोच परकेपणा आता त्याची पात्रता ठरतो.

या व्यवहाराला जगाच्या राजकीय इतिहासात नेमका समांतर दाखला आहे. मॅकियाव्हेली 'द प्रिन्स'च्या सातव्या प्रकरणात चेझारे बोर्जियाची हकिकत सांगतो. रोमान्या प्रांत ताब्यात आल्यावर बोर्जियाने तेथे शांतता प्रस्थापित करण्यासाठी रेमिरो दे ओर्को या क्रूर अधिकाऱ्याला पूर्ण अधिकार देऊन नेमले. त्याने अल्पावधीत प्रांत वठणीवर आणला आणि लोकांचा द्वेष ओढवून घेतला. मग ही क्रूरता आपली नव्हती, अधिकाऱ्याच्या स्वभावाची होती, हे दाखवण्यासाठी बोर्जियाने डिसेंबर १५०२ मध्ये एका सकाळी त्याच्या देहाचे दोन तुकडे चेझेना शहराच्या चौकात ठेवले. शेजारी ओंडका आणि रक्ताळलेली सुरी होती. हे दृश्य पाहून लोक एकाच वेळी समाधानी आणि स्तंभित झाले, असे मॅकियाव्हेली नोंदवतो.

नाना आणि बोर्जिया यांच्यातील साम्य उघड आहे. परंतु तेंडुलकरांची मांडणी एक पाऊल पुढे जाते. रेमिरोचे लोकांशी पूर्वीचे वैर असल्याचे मॅकियाव्हेली सांगत नाही. घाशीरामचे पुण्याशी वैर आहे आणि नाना ते वैरच नेमणुकीस घेतो. पगारी क्रूरतेला मर्यादा असू शकते, पण डुखेला आपल्या कामाचा थकवा येत नाही. म्हणून घाशीरामच्या कारकिर्दीत रात्रीच्या प्रत्येक व्यवहाराला परवाना लागतो, झडत्या होतात आणि चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून दिव्य केले जाते. कधी काळी खोट्या आळाने छळला गेलेला मनुष्य आता आळ हीच शासनाची पद्धत करतो. प्रत्येक नागरिकाला आपण गुन्हेगार नाही हे रोज सिद्ध करावे लागते. डूख येथे कचेरीचे रूप धारण करते.

माणसांची भिंत आणि 'आम्ही'

या नाटकाच्या प्रयोगाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे रांगेत उभी राहणारी माणसांची भिंत. हेच नट कधी पुण्याचे ब्राह्मण असतात, कधी कीर्तनाचे श्रोते, कधी माडीवरचे शौकीन, तर शेवटी दगड मारणारा जमाव. नको ते घडत असताना ही भिंत प्रेक्षकांकडे पाठ फिरवते आणि मागचे दृश्य झाकते. समीक्षकांनी या युक्तीची प्रशंसा प्रामुख्याने नेपथ्यविहीन रंगभूमीचा आविष्कार म्हणून केली आहे. तिचा आशयाशी असलेला संबंधही तितकाच महत्त्वाचा आहे. समूहाची ओळख ही आधीपासून असलेली वस्तू नाही, ती रांग धरल्यावर तयार होते आणि रांग मोडली की विरते, हे येथे डोळ्यांना दिसते.

पुण्याच्या ब्राह्मणांना एकत्र आणणारी गोष्ट कोणती, याचा नाटकाच्या आधारे शोध घेतल्यास काय आढळते? आरंभी ते रात्री माडीकडे आणि दिवसा दक्षिणेकडे धावणारे सुटे सुटे लोक आहेत. रमण्यात ते एकमेकांशी दक्षिणेसाठी स्पर्धा करतात. ते प्रथम एक होतात ते घाशीरामला चोर ठरवताना. घाशीरामही ब्राह्मणच असल्याने येथील सीमारेषा वर्णाची नाही. ती आयत्या वेळी 'गावचा' आणि 'बाहेरचा' अशी आखली जाते. दुसऱ्यांदा ते एक होतात ते तेलंगी ब्राह्मणांच्या मृत्यूनंतर. दक्षिणेसाठी पुण्यास आलेले हे ब्राह्मण घाशीरामच्या बागेतील फळे तोडतात, लहानशा कोठडीत कोंडले जातात आणि त्यांतील अनेकजण गुदमरून मरतात. हा प्रसंग इतिहासातही घडलेला आहे आणि त्यातूनच १७९१ मध्ये ऐतिहासिक घाशीरामचा अंत झाला.

हे तेलंगी ब्राह्मणही परकेच होते. उत्तरेकडून आलेल्या भुकेल्या ब्राह्मणाला ज्या पुण्याने चोर ठरवले, तेच पुणे दक्षिणेकडून आलेल्या भुकेल्या ब्राह्मणांच्या मृत्यूवर 'आमचे ब्राह्मण मारले' म्हणून पेटून उठते. त्यांच्यावर झालेला अन्याय भयंकर आहे यात शंका नाही. प्रश्न असा की, जिवंतपणी जे 'आमचे' नव्हते ते मृत्यूनंतर 'आमचे' कशामुळे झाले? याचे उत्तर त्यांना मारणाऱ्यात आहे. शत्रू निश्चित झाला की 'आम्ही' या शब्दाचा परीघ त्याच्या मापाने लहान वा मोठा करता येतो.

वैराचा उतार

नाटकाच्या उत्तरार्धात गौरीचा मृत्यू होतो. नानापासून दिवस गेल्यानंतर चंद्रा सुइणीकडे तिचा अंत होतो आणि नाना नव्या लग्नाच्या तयारीत गुंततो. मुलीच्या मृत्यूचे सत्य कळल्यावर घाशीराम संतापाने नानासमोर उभा राहतो. नाट्याच्या दृष्टीने हा निर्णायक क्षण आहे. या एकाच वेळी घाशीरामची डूख खऱ्या अपराध्यापर्यंत पोहोचते. परंतु नाना त्याला जन्ममृत्यूच्या गोष्टी सांगतो, कर्ता करविता कोणी वेगळाच असल्याचे समजावतो आणि अधिकाराची जाणीवही करून देतो. घाशीराम मागे फिरतो. त्यानंतर त्याचा अत्याचार अधिक बेभान होतो, पण तो सगळा शहरावर होतो.

पाणी उताराकडे जाते तसे हे वैर नेहमी खालच्या दिशेने वाहते. गुलाबीने कंठा घेतला, तिच्यावर सूड नाही. नानाने मुलगी घेतली, त्याच्यावर सूड नाही. सूड उगवला जातो तो कोठडीत सापडणाऱ्यांवर. जमावाचेही तसेच आहे. परवान्यांवर शिक्का घाशीरामचा असला तरी अधिकार नानाचा होता, हे जमावाला ठाऊक आहे. तो नानाच्या वाड्यावर चालून जातो, परंतु मागणी करतो ती घाशीरामच्या देहाची. नाना तत्काळ आज्ञापत्रावर सही करतो. घाशीरामचा दगडांनी चेंदामेंदा होत असताना त्याच्या तोंडी जे शब्द येतात त्यांत शहरावर केलेल्या अत्याचारापेक्षा स्वतःच्या मुलीच्या नाशाची कबुली अधिक जड आहे. त्यानंतर नाना येतो, शहरावरील संकट टळल्याचे जाहीर करतो आणि उत्सवाचा हुकूम देतो.

हा शेवट अनेकांना विषण्ण करतो, कारण अन्यायी कोतवाल मारला गेला तरी न्याय झाल्याची भावना निर्माण होत नाही. कोतवालपद, परवाने, कोठडी आणि नाना जागच्या जागी आहेत. शत्रूच्या वधाने सत्तेचे खाते कोरे झाले, एवढेच घडले.

नाटकाच्या काळातील मुंबई

तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नसल्याचे स्पष्ट केले होते. घाशीराम सामाजिक परिस्थितीतून निर्माण होतात आणि त्या परिस्थितीला स्थलकालाच्या मर्यादा नसतात, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. हे नाटक १९६० नंतरच्या मुंबईतील राजकारणाच्या पार्श्वभूमीवर वाचण्याची प्रथा म्हणूनच रूढ झाली.

१९६० मध्ये सुरू झालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकातून 'वाचा आणि थंड बसा' या सदरात मुंबईतील आस्थापनांमधील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध होत असत. मराठी तरुणांच्या बेकारीचा प्रश्न खरा होता. त्याची कारणे औद्योगिक विकासाचे स्वरूप, शिक्षण, भांडवल यांत पसरलेली होती. यादीने त्या पसरट प्रश्नाला नावे आणि आडनावे दिली. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात शिवसेनेला मिळालेल्या अभयामुळे विरोधक तिला 'वसंतसेना' म्हणत. पुढे शत्रूचे स्थान कम्युनिस्टांकडे सरकले. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार निवडून आले. १९८० च्या दशकात पक्षाने हिंदुत्वाचा स्वीकार केला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या २००८ मधील आंदोलनात शत्रूचा पत्ता उत्तर भारत हा होता.

या घटनाक्रमाची आणि नाटकाची एकास एक जुळणी करणे चुकीचे ठरेल. नाटक म्हणजे सांकेतिक लिपीतील वृत्तपत्र नव्हे. तथापि दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. पहिली, नाटकातील दोन्ही परके, उत्तरेचा कोतवाल आणि दक्षिणेचे ब्राह्मण, हे महाराष्ट्राच्या पुढील राजकारणात आळीपाळीने येणाऱ्या दोन्ही दिशा दाखवतात. दुसरी, शत्रूचे नाव बदलत असतानाही त्याच्या आधारे उभी राहणारी 'आम्ही'ची रांग टिकून राहते. अस्मितेला शत्रूची गरज असते, पण विशिष्ट शत्रूची असतेच असे नाही.

वादाचा इतिहास

१९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले. नाना फडणवीसांची बदनामी आणि ब्राह्मण समाजाचा अवमान हे दोन आक्षेप प्रामुख्याने घेतले गेले. नाटकातील कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमीची स्थापना केली आणि १९७४ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यालाही कडवा विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेरीस दौरा पार पडला.

आक्षेपकांची बाजू सरसकट फेटाळणे योग्य नाही. ऐतिहासिक नाना फडणवीस (१७४२–१८००) हे अठराव्या शतकातील श्रेष्ठ मुत्सद्दी होते. ज्या प्रेक्षकाला इतिहासाची अन्य साधने उपलब्ध नाहीत त्याच्या मनावर नाटकातील नानाचीच प्रतिमा ठसते, हे नाकारता येत नाही. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच 'घाशीराम कोतवाल' या नावाचे पुस्तक लिहिले होते. म्हणजे हा विषय तेंडुलकरांनी प्रथम उकरून काढला असेही नाही. येथे महत्त्वाचे आहे ते वादाचे स्वरूप. नाटकात काय दाखवले आहे याची चर्चा लवकरच मागे पडली आणि नाटक कोणाविरुद्ध आहे ही चर्चा पुढे आली. नाटककार 'शत्रू' ठरला, त्या शत्रूच्या विरोधात एक आहत 'आम्ही' तयार झाला. दुसऱ्या बाजूला काही समर्थकांनी नाटकाचे स्वागत ब्राह्मणविरोधी कृती म्हणून केले. तेव्हा त्यांनीही तोच प्रश्न स्वीकारला, फक्त उत्तर बदलले. घाशीराम स्वतः ब्राह्मण आहे, मेलेले ब्राह्मण आहेत आणि मारणारेही ब्राह्मण आहेत, ही संहितेतील साधी वस्तुस्थिती या दोन्ही वाचनांत हरवली.

नाटकाच्या मर्यादा

वैराची ही चिकित्सा करणारे नाटक स्वतः कोठे अपुरे पडते, याचाही विचार आवश्यक आहे. पहिली मर्यादा गौरीच्या चित्रणाची. संपूर्ण व्यवहार तिच्या देहावर उभा असूनही तिला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये समूहाने खेळाखेळात आरोपी केलेल्या लीला बेणारेला तेंडुलकरांनी दीर्घ स्वगत दिले होते. येथे स्त्री ही पुरुषांच्या वैरातील देवघेवीची वस्तू म्हणूनच येते. हे त्या व्यवस्थेचे यथार्थ दर्शन आहे असे समर्थन करता येईल. परंतु त्यामुळे वैराचा सर्वांत मोठा भुर्दंड जिने भरला तिचा अनुभव प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. नाटकातील 'सार्वजनिक' अवकाश जवळजवळ संपूर्णतः ब्राह्मणांचा आहे. पेशवाईतील ज्या जातींना या अवकाशात प्रवेशच नव्हता, त्या रंगमंचावर शिपाई वा नोकर यांच्या रूपाने जेमतेम येतात. शत्रू ठरण्यासाठीही काही एक स्थान लागते. ज्याला तेवढेही स्थान दिले गेले नाही, त्याच्याशी सत्तेचे नाते वैराचे नसून बहिष्काराचे होते. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) याच बहिष्काराचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला. 'घाशीराम कोतवाल' वर्गात शिकवताना त्याच्या शेजारी हे वाचन ठेवल्यास नाटकाची व्याप्ती आणि तिची सीमा दोन्ही स्पष्ट होतात.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी दिसून येतात. 'घाशीराम कोतवाल'मध्ये व्यक्तीची डूख, समूहाचे वैर आणि सत्तेचे शत्रुत्व या तीन पातळ्या एकमेकींत मिसळतात व त्यांच्यातील वाहतुकीवर नियंत्रण सत्तेचे असते. समूहाची अस्मिता शत्रूच्या आधी सिद्ध नसते, ती शत्रूच्या निमित्ताने आकार घेते आणि त्याच्या मापाने बदलते. सत्तेने घडवलेल्या शत्रूचा नाश झाला तरी त्याला घडवणारी यंत्रणा शिल्लक राहते, किंबहुना त्या नाशामुळे ती निर्दोष ठरते.

अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हे नाटक नेमले गेले आहे. ते शिकवताना विद्यार्थ्यांकडून येणारा पहिला प्रश्न पुष्कळदा 'हे नाटक कोणत्या जातीविरुद्ध आहे?' असा असतो, असा प्रस्तुत लेखिकेचा अध्यापनातील अनुभव आहे. विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. साहित्यकृतीकडे, इतिहासाकडे आणि शेजाऱ्याकडेही याच प्रश्नातून पाहण्याची सवय सार्वजनिक जीवनाने त्यांना लावली आहे. या प्रश्नाला होकारार्थी वा नकारार्थी उत्तर देऊन शिक्षकाचे काम संपत नाही. घाशीरामची नेमणूक कोणी केली, त्याच्या परकेपणाचा लाभ कोणाला झाला आणि त्याच्या मृत्यूनंतर उत्सवाचा हुकूम कोणी दिला, हे तीन प्रश्न संहितेतूनच उपस्थित होतात. त्यांची उत्तरे विद्यार्थ्यांनी स्वतः संहितेत शोधावीत अशी संधी वर्गात निर्माण झाली, तर हे नाटक शिकवण्याचा हेतू बऱ्याच अंशी सफल होईल, असे वाटते.